मंडळाची दानगोधडी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोसायटीचं महिला मंडळ असो, बचत गट असो, शिवणक्लासची तुकडी असो की निवृत्तांचा कट्टा. दहा-पंधरा जणांनी मिळून एक गोधडी शिवायची आणि गरजूला द्यायची ठरवलं, की तेच ते प्रश्न पुढे येतात. त्यांची उत्तरं इथे दिली आहेत. मापं इंचांत आहेत, कारण शिवणाऱ्यांच्या टेपवर तीच वाचली जातात. बारीक माप सुतात आहे (८ सूत म्हणजे १ इंच).

सुरुवात कापड गोळा करण्यापासून करायची ना?

नाही. सुरुवात घेणाऱ्यापासून करा. आधी गोधडी शिवायची आणि मग ती कुणाला द्यायची ते शोधायचं, असं केलं की चांगली गोधडीही एखाद्या कपाटात पडून राहते. संस्थेत जाऊन चार गोष्टी विचारा: किती हव्यात, केवढ्या हव्यात, धुण्याची सोय काय आहे, आणि वापरलेलं कापड चालतं का. चौथ्या प्रश्नाचं उत्तर सगळीकडे सारखं मिळत नाही. वॉर्डात जंतुसंसर्गाची काळजी असते, त्यामुळे बरीच रुग्णालयं घरून आलेलं अंथरूण-पांघरूण आत घेत नाहीत. पण मुंबईत परळला टाटा, केईएम आणि वाडिया रुग्णालयांच्या आसपास बाहेरगावचे नातेवाईक धर्मशाळेत किंवा थेट फुटपाथवर आठवडेच्या आठवडे काढतात. त्यांना अंथरायला आणि पांघरायला दोन्हीला चालणारी गोधडी खरोखर उपयोगी पडते. वृद्धाश्रम आणि रात्र निवारेही विचारात घ्या.

या उत्तरांवरून पुढचं सगळं ठरतं. फुटपाथवर वापरायची असेल तर गडद रंग आणि दाट टाके. वृद्धाश्रमासाठी हलकी, म्हणजे थरथरत्या हातांना ओढून घेता येईल अशी.

माप काय धरायचं?

मोठ्या माणसाला ६६ बाय ९० इंच पुरते. चाकाच्या खुर्चीत बसणाऱ्याच्या मांडीवर ४० बाय ५० पुरे. त्याहून लांब झाली तर चाकात अडकते. बाळाच्या दुपट्याला ३६ बाय ३६. पुढचा सगळा हिशोब ६६ बाय ९०चा आहे.

जुन्या साड्या वापरायच्या की नवं कापड?

आतल्या थराला आणि पाठीला जुन्या सुती साड्यांसारखं दुसरं काही नाही. शंभरदा धुतलेलं सूत मऊ असतं, आणखी आटत नाही आणि सुई त्यातून सहज जाते. वरच्या बाजूला मात्र जुनं-नवं मिसळताना जपा. साडी दोन्ही हातांत धरून उजेडाकडे करा आणि अंगठ्यांनी ताणा. धागे सरकून फट दिसली तर ती आत घाला, वर नको. विरलेलं कापड नव्याच्या शेजारी शिवलं, की पहिल्या दोन-चार धुण्यांतच नव्या कापडाच्या ओढीने शिवणीलगत फाटतं.

नवं कापड मीटरवर घ्यायचं असेल तर मंगलदास मार्केट किंवा दादरचं हिंदमाता. शिंप्याकडच्या कतरणी फुकट मिळतात, पण त्यांत पॉलिस्टर बरंच असतं. वेचून घ्या.

सुती आहे हे ओळखायचं कसं?

दोन-तीन धागे काढून चिमट्यात धरा आणि पाण्याच्या बादलीवर जाळा. सूत जळताना कागदासारखा वास येतो आणि बोटाने कुस्करली जाणारी राख उरते. पॉलिस्टर वितळून कडक मणी होतो. हा मणी लक्षात ठेवा, कारण पेटलेलं पॉलिस्टर असंच वितळून कातडीला चिकटतं. ज्यांचा स्टोव्ह झोपण्याच्या जागेपासून हातभर अंतरावर असतो, त्यांच्यासाठी आपण शिवतो आहोत. घामाच्या दिवसांत पॉलिस्टर पाणी शोषत नाही आणि शिवताना थर घसरतात, ही कारणं त्यानंतरची.

कापड आधी धुवायलाच हवं का? रंग जातो की नाही कसं पाहायचं?

धुवायलाच हवं, नव्याला सवलत नाही. हातमाग आणि खादी पहिल्या धुण्यात चांगलीच आटते. १२ इंच लांबीचा तुकडा चार टक्के आटला तर जवळजवळ ४ सूत कमी होतात, आणि शेजारचे तुकडे चुरगळून उभे राहतात.

रंगासाठी प्रत्येक कापडाची चिंधी कोमट साबणाच्या पाण्यात, पांढऱ्या सुती तुकड्याला लपेटून, अर्धा तास ठेवा. पांढऱ्यावर डाग आला तर कापड पुन्हा धुऊन पुन्हा पाहा. तिसऱ्यांदाही डाग आला तर ते या गोधडीत नको. लाल, मरून, निळी आणि अजरख छपाईची कापडं यात जास्त सापडतात. मीठ किंवा व्हिनेगर घातल्याने आजच्या रंगांना पक्केपणा येत नाही. त्यावर भरवसा ठेवू नका. एका तुकड्याने रंग सोडला तर चौदा जणांची मेहनत गुलाबी होते आणि ते धुऊन निघत नाही.

नमुना कोणता घ्यावा, आणि कापड किती लागेल?

पहिल्या गोधडीला नऊ घरांचा ब्लॉक घ्या. अवघड नमुने ज्यांना येतात त्यांना हा फारच सोपा वाटेल, पण सगळ्यांच्या हातून सारखा उतरतो तो हाच. ४½ इंचाचे नऊ चौकोन: पाच गडद, चार फिके. गडद चौकोन कोपऱ्यांत आणि मध्यभागी. शिवल्यावर ब्लॉक १२½ इंच भरतो आणि गोधडीत बसल्यावर १२.

आडवे ५ आणि उभे ७, म्हणजे ३५ ब्लॉक लागतात. त्याने ६० बाय ८४ होतात, आणि चारही बाजूंनी ३ इंचांचा काठ लावला की ६६ बाय ९०. पण शिवायला ४२ द्या. चौदा जणांना प्रत्येकी तीन. काही बिघडतील, काही वेळेवर येणार नाहीत.

४२ ब्लॉकना १६८ फिके आणि २१० गडद चौकोन लागतात. ४४ इंच पन्ह्याच्या एक मीटर कापडात आडवे ९ आणि उभे ८, असे ७२ चौकोन बसतात. म्हणून फिकं कापड अडीच मीटर. ते एकाच ताग्यातलं, मंडळाने विकत घेतलेलं असू द्या. गडद चौकोन घरोघरचे चालतील. फिका रंग एकच राहिला की बाकीचे वीस रंग त्यावर शांत बसतात. गडद आणि फिके दोन्ही घरोघरचे घेतले की नजर कुठेच ठरत नाही.

चौकोन एकीनेच कापावेत, किंवा दोघींनी एकाच साच्यावर. साचा पुठ्ठ्याचा नको; दहा-बारा वेळा पेन्सिल फिरली की त्याच्या कडा झिजतात. जाड प्लॅस्टिकचा किंवा ॲक्रिलिकचा घ्या.

सगळ्यांनी पाव इंचच माया (शिवणीबाहेर सोडलेलं कापड) ठेवली, तरी ब्लॉक लहान-मोठे का होतात?

कारण प्रत्येकीचा पाव इंच वेगळा असतो. कपडे शिवताना सूतभर इकडे-तिकडे चालतं. इथे ते साठत जातं. समजा एखादीची माया पाव इंचाऐवजी अर्धं सूत जास्त आहे. एका शिवणीत दोन्ही कापडं मिळून १ सूत गेलं. नऊ घरांच्या ब्लॉकमध्ये आडव्या दोन शिवणी, म्हणजे २ सूत. पाच ब्लॉकच्या ओळीत ब्लॉकांतल्या दहा आणि ब्लॉक जोडणाऱ्या चार मिळून १४ सूत, पावणेदोन इंच! शेजारची ओळ बरोबर मापाची असेल तर त्या दोन ओळी जुळणं शक्यच नाही.

म्हणून कापड वाटण्याआधी प्रत्येकीकडून एक चाचणी करून घ्या. दीड इंच रुंदीच्या तीन पट्ट्या पाव इंच मायेने एकमेकींना जोडायच्या आणि इस्त्री करून मधली पट्टी मोजायची. ती नेमकी १ इंच भरली पाहिजे. भरली नाही तर मशीनच्या पट्टीवर, सुईपासून २ सूत अंतरावर, कागदी चिकटपट्टी लावा आणि कापडाची कड तिला टेकवून पुन्हा शिवा. बऱ्याच मशीनवर पायाची कड पाव इंचावर नसते; तिच्यावर विसंबून राहू नये.

इस्त्री हे दुसरं कारण. इस्त्री उचलून दाबायची, पुढे-मागे फिरवायची नाही. फिरवली की चौकोन तिरका ताणला जातो. माया नेहमी गडद कापडाकडे वळवा. म्हणजे पहिल्या आणि तिसऱ्या ओळीची माया बाहेरच्या बाजूला जाते, मधल्या ओळीची आतल्या, आणि ओळी जोडताना शिवणी समोरासमोर अडकून चोख बसतात.

माप एकदा ठरलं की कुणासाठी बदलू नका. १९८७ साली अमेरिकेत सुरू झालेल्या एड्स स्मृती गोधडीत हजारो अनोळखी लोकांचं काम एकत्र जोडता आलं, त्यामागे फलकाचं ठरलेलं माप आहे: ३ बाय ६ फूट.

तरीही ब्लॉक चुकीच्या मापाचा आला तर?

मोठा असेल तर चारही बाजूंनी सारखा छाटा. एकाच बाजूने छाटला तर मधलं घर सरकलेलं दिसतं. १ सूत लहान असेल तर जोडताना तो ब्लॉक मशीनवर वरच्या बाजूला ठेवून टाचण्या लावा. मशीनचे दात खालचा मोठा ब्लॉक थोडा ओढून घेतात. त्याहून लहान असेल तर चारही बाजूंनी फिक्या कापडाची पट्टी जोडा आणि १२½ वर छाटा. अशा तीन-चार चौकटी गोधडीत विखरून बसवल्या की त्या मुद्दाम केल्यासारख्या दिसतात.

ब्लॉक परत करताना ज्याचं काम त्यालाच, एकट्याला सांगा. सगळ्यांसमोर फूटपट्टी लावली की ते माणूस पुढच्या गोधडीला येत नाही.

मांडणी कशी ठरवावी?

जमिनीवर चादर पसरून त्यावर ३५ ब्लॉक मांडा आणि मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढा. रंग निघून गेला की कुठे फार काळं साचलंय ते लगेच कळतं. मग प्रत्येक ब्लॉकच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात ओळ आणि क्रमांक लिहिलेली चिठ्ठी टाचा: क१, क२, ख१. पंखा बंद ठेवा.

काठाच्या पट्ट्या ३½ इंच रुंद कापा. साडीचे साधे सुती काठ यासाठी छान. जरीचे नकोत, ते टोचतात. पट्टीची लांबी गोधडीच्या मध्यावर मोजून कापावी. कडेला मोजून लावली तर कड सैल सुटलेली असल्याने काठाची झालर होते.

आत कापूस भरावा का?

मुंबईत नको. मोकळा कापूस दमट हवेत ओल धरतो, धुतला की गोळे होतात आणि वाळता वाळत नाही. आत साडीचा एक थर पुरतो, फार तर दोन.

पाचवारी साडी साधारण ५½ मीटर, म्हणजे २१६ इंच असते. तिचे ९८ इंचांचे दोन तुकडे करून काठ काढून शेजारी-शेजारी जोडले की ७२ बाय ९६चा एक थर सहज निघतो. थर वरच्या भागापेक्षा चहूबाजूंनी ३ इंच मोठा हवाच; शिवताना वरचा भाग बाहेर सरकत जातो. म्हणजे पाठीला एक साडी, आतल्या थराला एक. नऊवारी लुगड्यात असे तीन तुकडे निघतात, म्हणून दोन लुगड्यांत तीन थर होतात. पाठीचा जोड मधोमध आला असेल तर आतल्या थराचा जोड वीतभर बाजूला घ्या. जोडावर जोड आला की तिथे सुई मोडते आणि झोपणाऱ्याच्या पाठीला वळ रुततो.

घरात एवढी गोधडी पसरायला जागा नाही. थर कुठे टाचायचे?

सोसायटीचा हॉल, शाळेचा वर्ग, देवळाचा सभामंडप. गच्ची नको, वारा थर उचलतो. जमीन पुसून कोरडी होऊ द्या. पाठीचा थर उलटी बाजू वर करून पसरा आणि कडा कागदी चिकटपट्टीने जमिनीला चिकटवा. सपाट हवा, पण ताणलेला नको. ताणून चिकटवला तर पट्टी काढताच आखडतो आणि वर सुरकुत्या येतात. त्यावर आतला थर, त्यावर वरचा. मध्यापासून कडांकडे हाताने सपाट करत न्या आणि चार-चार बोटांवर कच्चे टाके घाला. पाच जणांना दोन-अडीच तास लागतात.

सेफ्टी पिना लवकर होतात, पण इथल्या हवेत स्वस्त पिना आठवड्याभरातही गंजतात आणि गंजाचा डाग निघत नाही. पिना लावायच्याच असतील तर न गंजणाऱ्या घ्या. सुया कापडात टोचून ठेवून घरी जाऊ नका.

हॉल मिळतच नसेल तर गोधडी तीन उभ्या भागांत करा. प्रत्येक भागाचे थर वेगळे टाचून जवळजवळ पुरे शिवायचे, जोडाच्या कडेला तीन-तीन इंच मोकळे सोडायचे, मग भाग जोडून तेवढे टाके शेवटी भरायचे. असा भाग दहा बाय दहाच्या खोलीतही मावतो.

एकाच गोधडीवर अनेकांचे टाके असले तर ते वेगळे दिसणार नाहीत का?

थोडे दिसतील, दिसू द्या. मात्र ओढ सारखी हवी. घट्ट हाताची बाजू आखडते आणि सैल हाताची फुगते, मग गोधडी सपाट पसरत नाही. चौघी चार बाजूंना बसल्या असतील तर दर अर्ध्या तासाने जागा बदला. रेघा आधी खडूने आणि फूटपट्टीने आखून घ्या, दीड इंचाच्या अंतरावर. धावदोरा इंचाला तीन-चार टाके. एवढ्या थरांतून याहून बारीक टाका घालायचा हट्ट नको, मनगट दुखतं आणि फायदा काही नाही. टाचलेली गोधडी मध्यापासून बाहेर शिवत न्या, म्हणजे उरलेली सैल जागा कडेला निघून जाते.

दोरा जाड सुती. पॉलिस्टरचा नको. एका वेळी हातभरच ओवा. लांब दोरा गुंततो आणि डोळ्यात घासून विरतो. ६६ इंचांत दीड इंचावर ४४ रेघा, प्रत्येक ९० इंचांची: नुसत्या रेघाच १०० मीटर भरतात. थरांतली खाली-वर आणि गाठी धरून एकेरी २०० मीटर आणा, दुहेरी ओवणार असाल तर ४००. गाठ वरच्या थराखाली ओढून आत लपवा आणि अंगुस्तान (बोटाची टोपी) घाला. नव्या माणसाला पाठीच्या बाजूला टाका पोचला की नाही ते कळत नाही. दर ओळीनंतर हात खाली घालून चाचपायला शिकवा.

मशीनवर शिवली तर चालेल का?

चालेल. वरचे ब्लॉक मशीनवरच करा. थर शिवायला साध्या पायमशीनवर अर्धी गोधडी गुंडाळून आत घालावी लागते. दोघी असल्या तर जमतं: एक शिवेल, दुसरी ओढणार नाही, फक्त वजन उचलून धरील. टाका मोठा ठेवा.

गोट (कडेला लावायची दुमडपट्टी) किती लागतो?

घेर ३१२ इंच, कोपरे आणि जोडासाठी १२ जास्त: ३२४. अडीच इंच रुंदीच्या आठ पट्ट्या, म्हणजे ४४ पन्ह्याचं ६० सेंटिमीटर कापड. पट्ट्या तिरक्या जोडा, मधून दुमडा, पुढून मशीनने लावून मागे हाताने टिपा. कोपऱ्याच्या पाव इंच आधी थांबून पट्टी वर दुमडून मग वळवली की कोपरा टोकदार येतो. गोधडी सगळ्यात आधी गोटावरच झिजते, म्हणून इथे जुनं कापड अजिबात नको.

बाळांच्या दुपट्यात काय वेगळं पाळावं?

बटणं, टिकल्या, आरसे, मणी, लेस, सुटे गोंडे काहीही नको. टाके दाट, म्हणजे बोट अडकणार नाही. झोपलेल्या तान्ह्या बाळाच्या अंगावर सैल पांघरूण टाकू नये, ते तोंडावर येऊ शकतं. दुपटं जागेपणी खाली अंथरायला आणि मांडीवर घ्यायला आहे, हे देताना सांगा. साठवताना डांबराच्या गोळ्या चुकूनही घालू नका. त्यांतलं नॅप्थलीन, जी६पीडीची (लाल पेशींना जपणाऱ्या एका एन्झाइमची) कमतरता असलेल्या बाळांच्या रक्तातल्या लाल पेशी फोडतं आणि कावीळ होते. सुका कडुनिंबाचा पाला पुरे.

मुंबईच्या पावसात हे काम कसं बसवायचं?

मे महिन्यातल्या उन्हात साड्या धुऊन घ्या. जून ते सप्टेंबर ब्लॉकचं काम. ब्लॉक पर्समध्ये मावतो, हाताने शिवणाऱ्या लोकलमध्येही करतात. गणपतीचे दिवस सोडून द्या. ऑक्टोबरच्या कोरड्या उन्हात थर टाचा, दिवाळीनंतर गोट, आणि डिसेंबर उजाडायच्या आत पोचवा. भर पावसात तीन थर टाचून ठेवले तर आत कुबट वास धरतो, आणि बुरशीचे काळे ठिपके पडले की ते जात नाहीत.

गोधडी विकून पैसे दान करायचे असतील तर?

लिलाव सरळ पडतो. तिकिटं विकून सोडत काढायची असेल तर लॉटरीचे कायदे लागू होतात. आधी चौकशी करा. खरेदीदाराने पैसे थेट संस्थेच्या खात्यात भरावेत, मंडळातल्या कुणाच्या खात्यात नको. करसवलतीची पावती फक्त मान्यताप्राप्त संस्थाच देऊ शकते. वस्तूच्या दानावर ती सवलत मिळत नाही, आणि २००० रुपयांवरची रोख देणगीही त्यात बसत नाही.

नावं घालावीत का? देताना फोटो काढावेत का?

मागच्या कोपऱ्यात सुती फितीचा छोटा तुकडा शिवा. त्यावर मंडळाचं नाव, साल आणि «सुती, थंड पाण्यात धुवा» एवढंच. देणगीदारांची यादी तिथे नको. कुणाला दुसऱ्याच्या नावाखाली झोपायला लावू नये. फोटो गोधडीचा काढा. घेणाऱ्याचा नाही, तो हो म्हणाला तरी नाही. त्या क्षणी नाही म्हणणं त्याला सोपं नसतं.

द्यायच्या आधी शेवटचं काय तपासायचं?

पाठीवरून तळहात सावकाश फिरवा. विसरलेली टाचणी डोळ्यांना दिसत नाही, हाताला लागते. त्यानंतर चुंबक फिरवा. मग एकदा धुवा. भिजलेली गोधडी उचलायला दोन माणसं लागतात. ती खिडकीबाहेरच्या दांडीवर टाकू नका, दांडी वाकते आणि खालून माणसं जात असतात. गच्चीवर दोन समांतर दोऱ्यांवर टाका, दुपारी उलटवा. दुसऱ्या दिवशीही ऊन द्या. वरून कोरडी लागते तेव्हा मधला थर अजून ओला असतो.

उरलेल्या ब्लॉकचं काय?

सात उरले असतील तर आणखी दोन शिवून ३६ बाय ३६चं दुपटं होतं. दोघींना वेळ नसेल तर सहाच घ्या: दोन बाय तीन, २४ बाय ३६ची बसकर. वृद्धाश्रमाच्या बाकावर ती चालते. फिक्या कापडाचे उरलेले चौकोन आणि गोटाची हातभर पट्टी गोधडीसोबत पिशवीत घालून द्या. कड फाटली तर तिथल्या माणसाला ठिगळ लावता येईल.